बाबांवर लिहायचं आहे, पण बाबा घरी होतेच कुठे?

एका वाचक भगिनींच्या पत्राचा हा सारांश. ओळख पटेल असे तपशील काढून टाकले आहेत.

ताई पंचेचाळीशीच्या पुढच्या. वडिलांना जाऊन आठ महिने झाले. अडतीस वर्षं त्यांनी एक लहानसा छापखाना चालवला. आधी खिळ्यांची, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांची, जुळणी आणि पायाने चालवायचं ट्रेडल छपाईयंत्र, नंतर कर्ज काढून घेतलेलं ऑफसेट मशीन. पावतीपुस्तकं, लेटरहेडं, हँडबिलं, शाळांची कामं. एक भागीदार होता, तो ऑफसेटच्या वेळी बाहेर पडला आणि पुढची काही वर्षं घरात फार ओढाताणीची गेली. आता वर्ष पूर्ण होईल तेव्हा बाबांच्या आठवणींची छोटी पुस्तिका काढायचं भावंडांनी ठरवलं आहे, आणि ‘तुला लिहिता येतं’ म्हणून काम ताईंकडे आलं आहे.

त्या लिहितात: “लिहायला बसले की तेच तीन शब्द येतात. कष्टाळू, प्रामाणिक, कुटुंबवत्सल. पहिल्या दोनांबद्दल शंका नाही, तिसऱ्यापाशी हात अडतो. ते आमच्या वाट्याला आलेच कुठे? आम्ही उठायच्या आत गेलेले असायचे, झोपल्यावर परत यायचे. वर्षातून दोनदा तर आठ-आठ दिवस आम्हाला छापखान्यात पाऊल टाकू द्यायचे नाहीत. तिसरीत असताना एकदा शाळेतून परस्पर गेले, तर दारातूनच ओरडून हाकललं. आई घर सांभाळायची, रात्री पावतीपुस्तकं शिवायची, आम्ही पानं मोजायचो. आता भेटायला येणारी माणसं सांगतात, बाबा काय विनोदी होते, कसल्या नकला करायचे! आमच्या घरात बाबांनी एकदाही कुणाची नक्कल केली नाही. जो माणूस मला नीट माहीतच नाही, त्याच्यावर काय लिहू? दादा म्हणतो, कर्जाचा आणि भागीदाराचा विषय काढायचाच नाही. त्यात उधारीची वही सापडली आहे. देणं लागणाऱ्यांपैकी काही जण भेटायला येऊन रडून गेले. खरं लिहिलं तर बाबांची बदनामी, गोड लिहिलं तर माझीच फसवणूक.”

ताई,

पुस्तिका थोडा वेळ बाजूला ठेवा आणि मला पाठवलेलं पत्र पुन्हा वाचा. रात्री पानं मोजणारी मुलं, दारातून हाकललेली तिसरीतली मुलगी, नकलांबद्दल ऐकून चकित झालेल्या तुम्ही. पत्र संपेपर्यंत मला, एका परक्या बाईला, या माणसाबद्दल कुतूहल वाटायला लागलं होतं. ‘कष्टाळू, प्रामाणिक, कुटुंबवत्सल’ एवढंच वाचलं असतं तर वाटलं नसतं. गेलेल्या माणसांवरचे लेख मी पुष्कळ वाचले आहेत. त्यातले बरेचसे एकाच माणसावर लिहिल्यासारखे असतात. एक साधी परीक्षा घेत चला. वाक्यातलं बाबांचं नाव काढून दुसऱ्या कुणाच्या वडिलांचं घातलं तरी वाक्य तसंच चालतंय का? चालत असेल तर निर्धास्त खोडा. ‘प्रामाणिक होते’ खोडलं जाईल. ‘नाव चुकीचं छापलं गेलं तर पदरचा कागद घालून पुन्हा छापून द्यायचे’ असं काही असेल तर ते राहील, आणि मग प्रामाणिक हा शब्द लिहावाच लागणार नाही.

आधी त्या ओरडण्याबद्दल बोलू.

पत्रात तुम्ही दोन गोष्टी दोन वेगवेगळ्या जागी लिहिल्या आहेत. बाबा शाळांची कामं घ्यायचे, ही एक. वर्षातून दोनदा आठ-आठ दिवस तुम्हाला छापखान्यात बंदी असायची, ही दुसरी. मी त्या शेजारी-शेजारी ठेवून वाचल्या. शाळेचं असं कोणतं काम वर्षातून दोनदाच येतं? सहामाहीच्या आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. हा माझा अंदाज आहे, पण बसतो का बघा. प्रश्नपत्रिका छापणाऱ्याला त्या दिवसांत स्वतःच्या सावलीवरही भरवसा ठेवता येत नाही. वाया गेलेला कागदसुद्धा मोजून ठेवायचा, प्रूफं, म्हणजे तपासायला काढलेल्या कच्च्या प्रती, नष्ट करायची, छपाई झाली की जुळवलेले खिळे लगेच सोडवायचे. खिळ्यांवरची अक्षरं उलटी असतात हे खरं, पण छापखान्यात वावरलेल्या पोरांना ती सुलटी असल्यासारखी वाचता येतात, आणि हे तुमच्या बाबांइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक असणार? पेपर फुटल्याची नुसती कुजबुज झाली तरी शाळेचं काम कायमचं जातं. ज्याची मुलं त्याच शाळेत शिकतात, त्याच्याकडे बोट आधी वळतं. तुमची शाळा त्यांच्या गिऱ्हाइकांत होती का? दादाला विचारा. त्याहीपेक्षा छापखान्यातल्या एखाद्या जुन्या माणसाला विचारा.

अंदाज खरा निघाला म्हणून ती आठवण पुसायची नाही. तिसरीतल्या मुलीला दोन शब्दांत कारण सांगता आलं असतं आणि त्यांनी ते सांगितलं नाही, हे उरतंच. दारात उभी राहिलेली तुम्ही जशी होतात तशी लिहा, आणि आत काय चाललं होतं तेही लिहा. अशा एका प्रसंगाने तुमच्या बाबांबद्दल जे कळेल ते पानभर विशेषणांनी कळणार नाही. आणि अंदाज चुकीचा निघाला तर? मग खरं कारण काय होतं ते शोधण्यात तुमचे आठ-पंधरा दिवस फार बरे जातील.

आता ज्या वाक्यावरून तुम्ही घाईने पुढे गेलात, तिथे येते. ‘आई घर सांभाळायची, रात्री पावतीपुस्तकं शिवायची.’ पावतीपुस्तक म्हणजे काय काम असतं हे तुम्हाला मी सांगायला नको, पण वाचणाऱ्यांसाठी सांगते. मूळ प्रत आणि स्थळप्रत (आपल्याकडे ठेवायची प्रत) जोडीने लावायची, नंबर ओळीने जुळवायचे, मग शिवायचं. एक नंबर मागेपुढे झाला तर गिऱ्हाईक पुस्तक परत आणून टाकतं, कारण त्याचा सगळा हिशेब त्या नंबरांवर उभा असतो. हे जोखमीचं काम आई करत होती आणि तुम्ही मुलं तिच्या हाताखाली होतात. तरीही तुमच्या मनात घर एका बाजूला आणि धंदा दुसऱ्या बाजूला असे दोन कप्पे आहेत. बाबा एका कप्प्यात, तुम्ही सगळे दुसऱ्यात. बाबा रात्री घरात नसायचे हे मान्य. पण धंदा तुमच्या घरात रोज रात्री पसरलेला असायचा. ‘बाबांचा छापखाना’ हा निदान काही अंशी आईचाही छापखाना होता, आणि तिला त्याचा पगार कुणी दिला असेल असं मला वाटत नाही.

म्हणून आईला ‘बाबा कसे होते गं?’ असं विचारू नका. तो प्रश्न नवरा गमावलेल्या बाईला विचारला जातो आणि ती त्याचं ठरलेलं उत्तर देते. भागीदाराला विचारावं तसं तिला विचारा. एका रात्रीत किती पुस्तकं व्हायची? काम उशिरा आलं की काय करायचीस? ऑफसेट घ्यायचं ठरलं तेव्हा तुझं मत काय होतं? ते कुणी विचारलं होतं का? पैसे अडले की आधी कुणाचे थांबवायचे, हे कोण ठरवायचं?

घर आणि धंदा एकमेकांत किती गुंतलेले असतात याचा एक जुना दाखला देते. इटलीतल्या प्रातोचा फ्रान्चेस्को दातिनी हा व्यापारी १४१० साली वारला. त्याचे कागद त्याच्याच घरात शतकानुशतकं पडून राहिले आणि १८७० मध्ये पुन्हा उजेडात आले. सुमारे दीड लाख पत्रं आणि पाचशेहून जास्त हिशेबवह्या. तो फार मोठा व्यापारी, तुमच्या बाबांशी त्याची बरोबरी करत नाही. पण एवढ्या ढिगाऱ्यातून माणूस म्हणून तो कसा होता हे कळतं, ते बरंचसं त्याच्या आणि त्याची बायको मार्गारिता हिच्या पत्रव्यवहारातून. तो धंद्यासाठी सारखा फ्लॉरेन्सला, ती प्रातोच्या घरी. नोकरांची कामं, माल, सूचना, रुसवे आणि टोमणे एकाच पत्रात. मोठ्या वयात ती लिहायला शिकली आणि स्वतःच्या हाताने त्याला पत्रं लिहू लागली. नवरा घरी नसतो ही तक्रार सहाशे वर्षांपूर्वीही होती, आणि आज त्या घराबद्दल जे कळतं त्यातलं बरंच त्या तक्रारींमुळेच कळतं. तेव्हा तुमच्या तक्रारीला पुस्तिकेतून हद्दपार करण्याआधी थोडा विचार करा.

नकलांची गोष्ट मात्र मला वेगळी वाटते. तुमचं खरं दुखणं तिथे आहे, असा माझा समज आहे. लोकांना हसवणारे बाबा मिळाले आणि तुम्हाला गप्प बसणारे. वर लोक म्हणणार, ‘तुमच्यासाठीच झिजले हो ते!’ हे वाक्य मला फारसं आवडत नाही. त्यात तुमच्यावर ओझं टाकलं जातं आणि बाबांवरही अन्याय होतो. अडतीस वर्षं कुणी एका कामात निव्वळ त्याग म्हणून टिकत नाही. त्यांना ते काम आवडत असणार. खिळे हातात घ्यायला, ताजं प्रूफ उजेडात धरून बघायला, मशीनचा आवाज बदलला की कान टवकारायला त्यांना मजा येत असणार. तिथे ते मालक होते, चार माणसांत बसून बोलत होते, ऐकणारे लोक होते. तो त्यांचा आनंद होता. तो त्यांना राहू द्या. त्यागाची शाल पांघरली की माणूस मोठा दिसतो, पण त्याने आयुष्यात काही मजा केली होती की नाही हे त्या शालीखाली झाकलं जातं.

तो आनंद ते घरी घेऊन आले नाहीत, हे दुःख तुमचं आहे. ‘तुमच्यासाठीच’ म्हणून कुणी ते मिटवू नये, तुम्ही स्वतःही नाही. त्यांना काम आवडत होतं आणि तुम्हाला ते कमी मिळाले. ही दोन्ही वाक्यं एका पानावर सुखाने नांदू शकतात.

आणखी एक शक्यता सांगते, तीही पडताळून बघा. गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला वाईट तोंड करून चालत नाही. मनात हप्त्याची काळजी असली तरी समोरच्याशी हसून बोलावं लागतं. कदाचित नकला हा धंद्याचाच भाग असेल, आणि घर ही गप्प राहायची मुभा असलेली एकमेव जागा असेल. माझं म्हणणं हेच खरं असं नाही. दोन्ही थोडं-थोडं खरं असेल. फक्त ‘बाहेर दिलं म्हणून घरी उरलं नाही’ एवढा सरळ वजाबाकीचा हिशेब धरून लिहायला बसू नका. एखाद्या जुन्या गिऱ्हाइकाला विचारा, नक्कल कुणाची करायचे? कशी करायचे? करून दाखवा. बाबांची नक्कल दुसऱ्याने केलेली बघणं थोडं विचित्र वाटेल, पण बघा.

‘मला नीट माहीतच नाही’ हे तर जगातलं कुठलंही मूल आपल्या आई-वडिलांबद्दल म्हणू शकेल. मोठ्या माणसांची सगळ्यांत जुनी आठवण बहुधा तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची असते, त्याआधीचं सहसा टिकत नाही. म्हणजे तुम्हाला आठवायला लागलं तेव्हा बाबांची गोष्ट बरीच पुढे गेलेली होती. तो पहिला भाग तुम्हाला दुसऱ्यांकडूनच मिळणार. आणि इथे एक व्यवहाराची गोष्ट आहे. चाळिशी ओलांडलेल्या माणसांना आयुष्याबद्दल बोलतं केलं की साधारण दहा ते तीस वर्षांच्या वयातल्या आठवणी सगळ्यांत जास्त येतात, असं स्मृतीच्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलं आहे. आईला मोकळं सोडलंत तर ती सुरुवातीची वर्षं रंगवून सांगेल आणि ऑफसेटनंतरचा सगळा काळ ‘मग काय, चाललं होतं’ एवढ्यात गुंडाळेल. ती लपवते आहे असं समजू नका. नंतरच्या काळाबद्दल वेगळ्या दिवशी, वेगळे प्रश्न घेऊन बसा. जुना फोटो, पावतीपुस्तक, मशीनचं बिल असं काही हातात द्या. वस्तू समोर असली की बोलणं तिथेच राहतं.

क्रम मात्र चुकवू नका. आधी माणसं, मग कागद. कागद कपाटात थांबतील. छापखान्यात खिळे जुळवणारा, आता ऐंशीच्या घरातला जुळारी थांबेलच असं नाही. फोनवर रेकॉर्डिंग चालू करा, पण परवानगी घेऊन, आणि पहिली दहा मिनिटं इकडचं-तिकडचं बोला. ‘त्यांच्याबद्दल दोन शब्द सांगा’ म्हटलं की समोरचा भाषण करतो. त्याऐवजी त्याला एक दिवस सांगायला लावा. कुलूप कोण उघडायचं? आत आल्यावर पहिलं काय करायचे? कुणाशी भांडण झालं होतं? कुठलं काम कितीही पैसे मिळाले तरी घ्यायचे नाहीत? चिडले की काय करायचे? पगार उशिरा झाला असं कधी झालं का, आणि तेव्हा काय सांगितलं? शेवटचा प्रश्न विचारायला जड जातो, पण छोटा मालक कसा माणूस होता हे ज्याला कळतं तो त्याचा कामगार, आणि त्याला हे सहसा कुणी विचारत नाही. ज्यांच्या घरी छापखाना नव्हता, शिवणकाम होतं, गॅरेज होतं, टेम्पो होता किंवा किराणा होता, त्यांनाही हेच प्रश्न चालतील.

मग कागद. रोजमेळ, खतावणी, ऑर्डरची वही. सगळं वाचायला जाऊ नका, बुडून जाल. काही तारखा घ्या आणि त्या पानांवर काय आहे ते बघा. तुमचा जन्म, धाकट्याचं आजारपण, तुमचा दहावीचा निकाल, भागीदार गेला तो आठवडा. त्या दिवशी छापखाना उघडा होता? जमा किती, खर्च कशावर? एखाद्या तारखेला पान कोरं सापडेल. दुसऱ्या एखाद्या तारखेला, तुम्हाला वाटलं होतं ते आपल्यासोबत होते, तिथे सात कामांची नोंद सापडेल. दोन्ही सोसायची तयारी ठेवून वही उघडा. अक्षराकडेही बघा, ओढाताणीच्या वर्षांत ते बदललेलं दिसतं का? आणि रद्दीत काही घालण्याआधी करासाठी कोणती कागदपत्रं किती काळ ठेवावी लागतात ते हिशेब बघणाऱ्याला विचारून घ्या. त्यांनी छापलेल्या कामांचे दहा-बारा नमुने वेगळे काढा. पुस्तिकेत त्यांच्या फोटोइतकीच त्यांची जागा आहे.

आता दादा. तो चुकीचा आहे असं मला वाटत नाही; तो वेगळ्या गोष्टीला घाबरतो आहे. कर्ज म्हणजे बाबा हरले, असं त्याच्या मनात असावं. पण खिळे जाऊन ऑफसेट आणि संगणकावरची जुळणी आली तेव्हा लहान छापखान्यांपुढे दोनच रस्ते होते, कर्ज काढून मशीन बदलायचं किंवा हळूहळू कामं गमावत जायचं. बाबांनी पहिला धरला. ती ओढाताण एका माणसाच्या चुकीतून आली नव्हती, सगळा धंदाच कूस बदलत होता. हे एका परिच्छेदात लिहिलंत तर दादाला वाटते तशी बदनामी त्यात दिसणार नाही. आपल्याकडे बनारसीदास नावाचा एक व्यापारी होऊन गेला. १६४१ मध्ये, पंचावन्नाव्या वर्षी, त्याने स्वतःचं आयुष्य पद्यात लिहून काढलं. आग्र्यात बुडालेले सौदे, हरवलेला माल, स्वतःचा वेडेपणा, आणि एकामागून एक गेलेली नऊ मुलं, सगळं त्यात आहे. त्याचं नाव आज घेतलं जातं ते त्याने नफा मिळवला म्हणून नाही.

भागीदाराचं मात्र वेगळं. कर्जाची वर्षं तुम्ही स्वतः काढली आहेत, ती तुम्हाला सांगायचा हक्क आहे. भागीदार का गेला हे तुम्हाला बाबांकडून, तेही अर्धवट, कळलेलं आहे. त्याची बाजू पुस्तिकेत येणार नाही आणि त्याला उत्तर द्यायची सोय नाही. ‘त्या वर्षी भागीदारी संपली’ एवढंच लिहा. दोष कुणाचा, नाव काय, हे नको. त्याला भेटायला जायची तयारी असेल तर जा; छापखान्याच्या पहिल्या वर्षांबद्दल त्याच्याइतकं कुणाला माहीत नसेल. तो बोलेलच असं नाही.

उधारीची वही पुस्तिकेत आणू नका, नावानिशी तर मुळीच नको. एखाद्याच्या अडचणीच्या काळाची नोंद छापून वाटायची नसते. वसुली करायची की सोडून द्यायची हा प्रश्न खरा आहे, पण तो लेखाचा नाही, घराचा आहे. तुकोबांनी घरातली कर्जखतं इंद्रायणीत बुडवली हे आपण सगळे सांगतो. त्याच कथेतला पुढचा भाग कमी सांगितला जातो: खतांची वाटणी झाली, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि बुडवली ती फक्त आपल्या वाट्याची. तुम्हाला उदार व्हावंसं वाटत असेल तर ते तुमच्या वाट्यापुरतं. आईचा चरितार्थ त्या पैशांवर काही प्रमाणात असेल तर आधी तिला विचारा. आणि जे रडून भेटून गेले त्यांचं रडणं खोटं समजू नका. माणूस पैसे बुडवूनही एखाद्यावर मनापासून माया करू शकतो. ‘या माणसाला बाबा पुन्हा पुन्हा उधार का देत राहिले?’ हे त्यांच्यापैकी एखाद्याकडूनच कळलं, तर नाव न घेता लिहिण्यासारखं असेल.

राहिली तुमची ‘फसवणूक’. एकाच लेखात मन मोकळं करायचं, बाबांना न्याय द्यायचा, दादाला सांभाळायचं आणि नातवंडांसाठी माहिती ठेवायची, हे सगळं साधायला बघाल तर एकही धड होणार नाही. दोन वेगळी लिखाणं करा. पहिलं फक्त तुमच्यासाठी, कुणाला न दाखवायचं. १९८६ मध्ये मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज पंधरा मिनिटं आपल्या सगळ्यांत दुखऱ्या अनुभवावर लिहिलं. घडलेलं आणि त्याबद्दल वाटलेलं, असं दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहून झाल्या-झाल्या बरं नाही, उलट जड वाटलं. पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या. प्रत्येकाला याचा उपयोग होतोच असं नाही, आणि लिहिता-लिहिता झोप उडाली, रोजची कामं होईनाशी झाली तर वही मिटून समुपदेशकाशी बोलावं. पण तुमच्यासारख्या लिहित्या बाईने हे करून बघायला हरकत नाही. बाबांना उद्देशून लिहा, हवं तेवढं भांडा. ते पुस्तिकेत जाणार नाही, त्यामुळे पुस्तिकेला बाबांशी भांडायचं काम उरणार नाही.

दुसरं लिखाण पुस्तिकेचं, आणि ते एकटीने करू नका. ‘तुला लिहिता येतं’ म्हणून सगळं तुमच्या गळ्यात पडलं आहे, ते थोडं परत वाटा. दादाला मशीनवरचं एक पान द्या; मशीन आलं तेव्हा तो मोठा होता, त्याला जास्त आठवत असेल. आईचं बोलणं तिच्याच शब्दांत उतरवा, व्याकरण दुरुस्त करत बसू नका. जुळारीकाकांचं एक पान. तुमची तीन-चार पानं, त्यात ते दारातलं ओरडणं. सगळ्यांचं बाबांबद्दलचं म्हणणं जुळायला पाहिजे असा हट्ट नको. आईच्या पानावर बाबा अबोल आणि काकांच्या पानावर नकलाकार असतील, तर तसेच छापा. मध्ये स्पष्टीकरण घालू नका.

‘कुटुंबवत्सल’ लिहायचं की नाही, हे आता ठरवू नका. पानं तयार झाल्यावर बघा. बहुतेक तो शब्द लागणारच नाही.

मजकूर तयार झाला की छापण्याआधी दादाला वाचायला पाठवू नका, समोर बसवून वाचून दाखवा. कागद हातात दिला की माणूस लाल पेन शोधतो. कर्जाच्या परिच्छेदावर तो अडलाच तर त्याला विचारा, यातलं कोणतं वाक्य खोटं आहे? खोटं असेल ते काढा. खरं पण त्याला न सोसणारं असेल, तर एवढ्या वर्षी बाहेर वाटायच्या प्रतींतून तो परिच्छेद वगळा आणि घरात ठेवायच्या चार प्रतींत राहू द्या. नातवंडं मोठी झाल्यावर त्यांना त्या प्रती मिळतील. आणि वर्ष पूर्ण होईपर्यंत काम झालं नाही तर तारीख पुढे ढकला. जुळारीकाकांकडे जायची मात्र या रविवारच्या पुढे ढकलू नका.